जुनी डिझेल पिकअप: ब्रेक पेडल खोल, मागून ‘खट्ट’, सकाळी स्टार्टिंगला उशीर

मोकळारस्ता

नमस्कार मंडळी. जुनी डिझेल पिकअप आहे, एबीएस नसलेली. इंजेक्शन पंप मेकॅनिकल, पुढे डिस्क, मागे ड्रम, मागे सलग अ‍ॅक्सल आणि कमानपाटे, प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा. इंजिन दमदार आहे, ऑइल खात नाही, म्हणून गाडीवर मेहनत घ्यायची तयारी आहे. तक्रारी तीन:

१) ब्रेक पेडल निम्म्याच्या खाली जातं. जोरात ब्रेक मारला की गाडी उजवीकडे सरकते. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ आहेत. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागतो.

२) क्लच सोडताना, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की मागून ‘खट्ट’ असा आवाज. ७० च्या आसपास फरशीत थरथर जाणवते.

३) रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. एकदा सुरू झाली की मग दिवसभर लगेच सुरू होते.

रिंग पाने, सॉकेट सेट, टॉर्क रेंच, दोन टनांचा जॅक, ग्रीस गन, मल्टिमीटर एवढं हाताशी आहे. मागचे ब्रेक शू आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले अधिकच्या आकाराचे तुकडे) सरळ बदलून टाकावेत असा विचार आहे. क्रम काय ठेवावा? आणि ड्रम उघडल्यावर आणखी काय काय पाहून घ्यावं?

रिंगपाना

शू बदलायच्या आधी ते तेल कुठलं ते ठरवा, नाहीतर नवे शू पुन्हा त्याच तेलात भिजतील. बोटावर थेंब घ्या. जाड आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते क्राऊनचं (मागच्या डिफ्रन्शिअलचं) गिअर ऑइल, म्हणजे अ‍ॅक्सलचं सील गेलं. पातळ असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलेंडर. शंका राहिली तर पेलाभर पाण्यात थेंब सोडा. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं.

क्राऊनचं ऑइल निघालं तर सीलच्या आधी ब्रीदर बघा. अ‍ॅक्सलच्या नळीवर वरच्या अंगाला छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. चालून अ‍ॅक्सल तापला की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. टोपी मातीने बुजली तर दाब आतच साठतो आणि ऑइलला सीलच्या ओठातून बाहेर ढकलतो. नवं सील घातलं आणि ब्रीदर तसाच बंद ठेवला तर तेही गळणार. टोपी बोटाने फिरायला आणि किंचित वर-खाली व्हायला हवी. होत नसेल तर डिझेलमध्ये भिजवून मोकळी करा, नाहीतर बदला.

नंतर ऑइलची पातळी. गाडी सपाट जागेवर, लेव्हल प्लग उघडून ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं हवं. त्याच्या वर भरलेलं असेल तर तेही गळतीचं कारण. ऑइल बदलणार असाल तर भरायचा प्लग आधी सोडा आणि मगच खालचा. खालचा उघडून सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा दिसणं नेहमीचं आहे. कपच्या किंवा दाताचे तुकडे दिसले तर क्राऊन-पिनियन उघडावं लागेल. ग्रेड बहुतेक गाड्यांना ८०डब्ल्यू-९० जीएल-५, पण लिमिटेड स्लिप डिफ्रन्शिअल असेल तर त्याचंच ऑइल लागतं.

आता अ‍ॅक्सलचा शाफ्ट. चाकाच्या मधोमध हब बाहेर आलेला आणि त्यावर बोल्टांचं वेगळं कडं असेल, तर तो फुल फ्लोटिंग अ‍ॅक्सल. यात बोल्ट काढले की शाफ्ट हाताने बाहेर येतो, आणि सील सहसा हबच्या आतल्या बाजूला असतं. हब परत बसवताना बेअरिंगचा नट मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणेच लावा, अंदाजाने कसू नका. नुसती सपाट फ्लँज आणि व्हील स्टड दिसत असतील तर सेमी फ्लोटिंग. त्यात बॅकिंग प्लेटच्या मागचे नट (बहुधा चार) सोडून शाफ्ट बेअरिंगसकट ओढावा लागतो. ओढायला खास हत्यार नसलं तरी ड्रम उलटा करून स्टडवर सैल अडकवा, नट दोन-चार आट्यांवर ठेवा आणि ड्रम बाहेरच्या दिशेने झटक्याने ओढा. ब्रेकचा पाइप आधी सोडवायला विसरू नका, काही गाड्यांत बॅकिंग प्लेट शाफ्टबरोबरच येते. सेमी फ्लोटिंगमध्ये बेअरिंग आणि त्यामागची कॉलर प्रेसने बसवलेली असते, ते काम प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्येच करून घ्या. हातोडीने ठोकलेली कॉलर सरकली तर चालत्या गाडीतून शाफ्ट चाकासकट बाहेर येतो.

सीलची स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे. ओठाला ऑइलचा हात फिरवा, कोरडं सील पहिल्याच फेऱ्यांत फाटतं. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाइप किंवा सॉकेट लावून सगळीकडून सारखं ठोका.

ड्रमबद्दल. दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक पूर्ण होईपर्यंत दुसरी जशीच्या तशी ठेवा, स्प्रिंग कुठे कशी होती ते पाहायला ती कामी येते. ड्रम निघत नसेल तर बॅकिंग प्लेटच्या मागच्या भोकातून अ‍ॅडजस्टर सैल करा. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात, बहुतेक वेळा ८ मिमी बोल्टची. त्यात बोल्ट घालून आळीपाळीने कसले की ड्रम सुटतो. आतली भुकटी हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनर किंवा पाण्याने ओली करून फडक्याने पुसा.

तेलात भिजलेलं लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरायचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो चुकीचा आहे. लायनर सच्छिद्र असतं, तापलं की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. शू दोन्ही चाकांचे एकत्र बदला, एकाच बाजूचे नवे घातले की गाडी पुन्हा ओढणार. ड्रमच्या आतला कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो, त्यापुढे झिजला असेल तर तो टर्निंगलाही देऊ नका. व्हील सिलेंडरची धूळटोपी हळूच उचला, मागे ओल दिसली तर सिलेंडर बदला. बॅकिंग प्लेटवर शू जिथे घासतात ते उंचवटे घासून साफ करा आणि उच्च तापमानाचं ग्रीस अगदी पातळ लावा. तिथे खड्डे पडले असतील तर शू अडकतो आणि पेडल सोडल्यावर परत येत नाही.

सगळं बसल्यावर आधी स्टार व्हील (अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक) फिरवून शू ड्रमला टेकवा, पेडल दोनदा दाबून शू मध्यावर येऊ द्या, मग चाक हलकं घासत मोकळं फिरेल एवढं मागे घ्या. हँडब्रेकची केबल याच्यानंतर. हँडब्रेक वर येतो म्हणून आधी केबलच ओढून घेतली, की आतला लिव्हर शूला जागेवर बसू देत नाही आणि ऑटो अ‍ॅडजस्टर काम करायचा थांबतो. पेडल खोल जाण्याचं हे फार सर्रास कारण आहे.

चेसिसनंबर

रिंगपाना यांनी ड्रमची बाजू पूर्ण सांगितली आहे. त्याआधी दोन गोष्टी.

तुमच्या यादीत स्टँड नाहीत. जॅक फक्त उचलायला, गाडीखाली जायचं तर अ‍ॅक्सलखाली दोन स्टँड हवेतच. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी सुटेल ते सांगून येत नाही. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण तो मागच्याच चाकांवर लागतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. आणि प्रोपेलर शाफ्ट काढलात की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते.

दुसरं, पेडल खोल जातं म्हणजे काय होतंय ते काहीही न उघडता कळतं. इंजिन चालू ठेवून पेडल एकदा दाबा, सोडा, लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा वर लागलं तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा. एकसारख्या दाबाखाली हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलेंडरच्या आतले रबर गेले. आणखी एक खूण, हँडब्रेक तीन-चार दात ओढून पेडल दाबा. पेडल वर आलं तर दोष नक्की मागच्या शूच्या अंतरात.

गाडी ओढते तेव्हा स्टिअरिंग हातात वळतं का? वळत असेल तर पुढचे कॅलिपरही उघडा. मागच्या चाकांतला फरक स्टिअरिंगला फारसा जाणवत नाही, गाडीचं मागचं अंग सरकल्यासारखं वाटतं. पुढे कॅलिपरच्या स्लाइड पिन हाताने सरकायला हव्यात. रबरी होज आतून फुगला असेल तर ब्रेक ऑइल जातं पण परत येत नाही, मग त्या बाजूचं चाक गरम राहतं. थोडं चालवून दोन्ही रिमजवळ हात नेऊन पाहा, उष्णतेतला फरक लगेच कळतो.

हवा काढताना पेडल कधीही फरशीपर्यंत मारू नका. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा सरकतो त्यापुढच्या भागात गंज साठलेला असतो. रबर त्यावरून गेला की फाटतो, आणि काल चांगला असलेला सिलेंडर हवा काढल्यावर बाद होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

ब्लीडिंगच्या, म्हणजे हवा काढण्याच्या वेळी स्टँड चेसिसखाली नको, अ‍ॅक्सलखालीच हवेत. बहुतेक पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलला रॉडने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मागच्या वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असतो. अ‍ॅक्सल लोंबकळला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, तो मागची लाइन आवळतो आणि हवा निघतच नाही. क्रम साधारणपणे मास्टर सिलेंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे. व्हॉल्व्हवर हवा काढायचं स्वतंत्र निपल असेल तर क्रमातली त्याची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. पाइपचे नट साध्या फिक्स पान्याने सोडू नका, कडा गोल होतात. फ्लेअर नटचा पाना आणा. ताजं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. वर्षानुवर्षं बदललं नसेल तर सगळंच काढून टाका.

ग्रीसनिपल

‘खट्ट’साठी क्रॉस सरळ बदलू नका, आधी पंधरा मिनिटं खाली झोपून तपासा. गिअर न्यूट्रलला, चारही चाकं ठोकळ्यांनी अडवलेली. क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉस धरणारा दुबेळका) घट्ट धरा, दुसरी बाजू पिळा. दोन योकांमध्ये डोळ्याला दिसेल एवढाही प्ले असेल तर क्रॉस गेला. अख्खा शाफ्ट मिळून थोडा फिरतो ती क्राऊन-पिनियनची फट असते. तेवढ्यावरून डिफ्रन्शिअल उघडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मग ग्रीस गन लावा. चारही टोप्यांतून ग्रीस बाहेर यायला हवं. एकीतून येत नसेल आणि कडेला लालसर भुकटी दिसत असेल, तर त्या टोपीतले निडल रोलर कोरडे पडून गंजले आहेत. नंतर कितीही ग्रीस मारलं तरी ते परत येत नाहीत. ग्रीस लिथियमचं, एनएलजीआय २. स्लायडिंग जॉइंटला हात लावून वर-खाली हलवा, तिथे दात झिजले असतील तर थरथरीचं कारण तिथेच. सेंटर बेअरिंगचं रबर टॉर्चने नीट पाहा, फाटलं असेल तर गाडी जागेवरून उचलतानाच थरथरते. ७० ला येणारी थरथर बहुधा क्रॉस, बॅलन्स किंवा शाफ्टच्या कोनाची.

शाफ्ट काढायच्या आधी प्रत्येक फ्लँजवर आणि स्लायडिंग जॉइंटवर पंचाने किंवा पेंटने आमनेसामने खुणा करा. एकाच तुकड्याच्या दोन टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. स्लायडिंग जॉइंट एक दात जरी चुकून बसला तरी नव्या क्रॉससकट गाडी थरथरेल आणि दोष सापडणार नाही.

क्रॉस बसवताना टोपीतला एखादा रोलर आडवा पडतो, आणि टोपी सर्कलिपच्या (टोपी अडवून धरणाऱ्या कडीच्या) खाचेपर्यंत पोचत नाही. तिथे हातोडी वापरली की रोलर तुटतो. टोपी काढा, रोलर ग्रीसमध्ये उभे चिकटवा, पुन्हा दाबा. वाइस आणि दोन सॉकेट पुरतात. बसल्यावर क्रॉस चारही दिशांना बोटांनी फिरायला हवा. जड वाटला तर योकच्या कानावर हलकी थाप मारा, टोप्या सर्कलिपला जाऊन टेकतात.

क्रॉसमध्ये काही निघालं नाही तर पाट्यांकडे वळा. टॉमीने शॅकल आणि पुढचा बुश हलवून पाहा. यू-बोल्ट सैल असतील किंवा सेंटर बोल्ट तुटला असेल तर अ‍ॅक्सल पाट्यांवर मागेपुढे सरकतो, आवाज अगदी हाच. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. फरक दिसला तर सेंटर बोल्ट उघडाच. रबरी बुश बदलले तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे कसा. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना कसलेला बुश गाडी खाली घेतल्याबरोबर पिळला जातो आणि फाटतो.

डिझेलधार

तिसऱ्या तक्रारीकडे येतो. सकाळचा उशीर दोन कारणांनी होतो, रात्रीत डिझेल मागे टाकीत उतरतं किंवा ग्लो प्लग (सुरू करताना सिलेंडरमधली हवा तापवणारे) तापत नाहीत. दिवसभर इंजिन गरम असल्यामुळे दोन्ही दोष झाकले जातात.

वेगळं करणं सोपं आहे. सकाळी चावी लावायच्या आधी फिल्टरवरचा हँड प्रायमर दाबा. नरम लागला, बऱ्याच दाबांनी कडक झाला आणि मग गाडी चटकन सुरू झाली, तर कुठूनतरी हवा शिरते आहे. आधीपासूनच कडक असेल, आणि स्टार्टर फिरताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. ग्लो प्लग बघा.

हवेची जागा शोधताना एक लक्षात ठेवा. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढणारी आहे, म्हणून बाहेर डिझेलचा टिपूस न दिसताही हवा आत जाऊ शकते. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइप तात्पुरता लावा, बुडबुडे दिसतील. मग मागे मागे जा: फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा नळ, फिल्टरचं ओ-रिंग, बँजो बोल्टचे (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर (प्रत्येक बोल्टला दोन, कानाच्या दोन्ही बाजूंना, दर वेळी नवे), टाकीजवळचा भेगाळलेला रबरी होज. इंजेक्टरवरून परत येणारा कापडी वेष्टनाचा बारीक पाइपही विसरू नका, तो वाळून चिरतो.

फिल्टर बदलल्यावर त्यावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून प्रायमर मारा. फेस थांबून सलग डिझेल आलं की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू बंद करा. एवढ्यावर सुरू झाली नाही तर इंजेक्टरकडच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर फिरवा, डिझेल दिसल्यावर एकेक कसा. हात आणि चेहरा लांब ठेवा, बारीक धार कातडीतून आत जाते. हे फक्त तुमच्यासारख्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला. कॉमन रेल इंजिनात दाब १,००० बारच्या वर जातो, तिथे हे नट चालू इंजिनात किंवा स्टार्टर फिरवताना सोडायचेच नाहीत.

ग्लो प्लगची वायर काढून प्लग आणि इंजिन ब्लॉकमध्ये ओहम मोजा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करा. काढताना इंजिन कोमट असू द्या आणि आदल्या दिवशी गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावं लागू शकतं, म्हणून जोर लावण्याऐवजी थोडा पुढे थोडा मागे असं करत काढा. ग्लो प्लगच्या इंजिनावर स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तो तापलेल्या प्लगवर वेळेआधी पेटतो आणि पिस्टन-रिंगा फोडतो.

स्टार्टर मंद फिरतो का तेही पाहा. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं पत्रा चमकेपर्यंत घासा. खुद्द बॅटरीवर त्या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

मोकळारस्ता

सर्वांचे आभार, फार नेमकं सांगितलंत. तपासणीत निघालं ते असं. ओघळ गंधकाच्या वासाचे आहेत, आणि ब्रीदरची टोपी मातीने दगड झाली होती. अ‍ॅक्सल सेमी फ्लोटिंग. शाफ्ट बाहेर आहे, सीलचा ओठ बसतो तिथे नख अडकेल अशी चर पडली आहे. मागच्या क्रॉसच्या एका टोपीतून ग्रीस येत नाही, लाल भुकटी आहे. प्रायमर सकाळी नरम, आणि बुडबुडे फिल्टरच्या आधीपासूनच येताना दिसले.

दोन नव्या गोष्टी दिसल्या. लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा लिव्हर आधीच्या कुणीतरी तारेने वर बांधून ठेवला आहे. आणि दोन्ही बाजूंच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घातलेला आहे, मागची बाजू उंच दिसते. या दोन्हींचं काय करावं? आणि चर पडलेला शाफ्ट बदलावाच लागेल का?

रिंगपाना

शाफ्ट लगेच बदलायची गरज नाही. सीलच्या घरात जागा असेल तर नवं सील दोन-तीन मिमी अलीकडे किंवा पलीकडे बसवा, म्हणजे ओठ न झिजलेल्या भागावर येतो. जागा नसेल तर त्या मापाची पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह चढवा. नुसती पॉलिश पेपरने चर घासली तर तो भाग आणखी बारीक होतो आणि सील तिथे दाबच धरत नाही. बेअरिंग प्रेसला नेणारच आहात, स्लीव्हही तिथेच चढवून घ्या. बेअरिंग फिरवून खरखर वाटत नसली तरी शाफ्ट निघालेला असताना ते बदललेलं बरं.

फिल्टरच्या आधी बुडबुडे म्हणजे डिझेलधार यांच्या यादीतले पुढचे सगळे संशयित सुटले. टाकीतल्या पाइपपासून फिल्टरच्या तोंडापर्यंतचे होज आणि क्लिप एवढंच पाहायचं. स्क्रूच्या क्लिपने चावलेला होज क्लिपच्या खालीच चिरलेला असतो, बाहेरून दिसत नाही. तो काढून वाकवून पाहा.

चेसिसनंबर

तारेने बांधलेला व्हॉल्व्ह ही तुमच्या गाडीतली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे, तेल गळण्यापेक्षाही. लिव्हर वर बांधला की व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम भरलेली आहे. मागच्या ब्रेकला पूर्ण दाब जातो आणि रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असल्यामुळे मागची चाकं आधी लॉक होतात. ओल्या रस्त्यावर अशी गाडी वळून आडवी होते. उलट, तार सोडून दिली आणि जादा पाटे तसेच ठेवले तर माल भरला तरी गाडी पुरेशी बसत नाही, व्हॉल्व्ह ती रिकामी समजतो आणि भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक कमी मिळतात.

म्हणून जादा पाटा काढा, हाच माझा सल्ला. कंपनीने ठरवलेल्या वजनापलीकडे भरण्यासाठी तो घातलेला असतो, पण त्याने चेसिस, अ‍ॅक्सल, ब्रेक यांची ताकद वाढत नाही. ग्रीसनिपल शाफ्टच्या कोनाबद्दल म्हणाले, तोही इथेच बिघडलेला असणार. मागची बाजू उचलली की शाफ्टचे कोन बदलतात, आणि क्रॉस नवा घातला तरी थरथर उरते.

पाटा काढताना गाडी चेसिसखालच्या स्टँडवर, अ‍ॅक्सल जॅकवर तोललेला. सेंटर बोल्ट सोडायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजूंना मजबूत सी-क्लॅम्प लावून पाटे आवळा. मोकळा केलेला बोल्ट सुटताना पाटे जोरात उघडतात. क्लॅम्प हळूहळू सैल करा. पाटा कमी झाल्यावर सेंटर बोल्ट आखूड लागेल, आणि यू-बोल्ट नवेच घ्या. जुने ताणलेले असतात आणि नटाच्या खालचे आटे गंजलेले. नवे चौकटीत समोरासमोर थोडे थोडे कसा, एक पूर्ण कसून मग दुसरा असं नको.

मग व्हॉल्व्ह. तार काढा, खिळीवर गंज सोडवणारं ऑइल मारून लिव्हर हाताने दोन्हीकडे मोकळा होईपर्यंत हलवा. व्हॉल्व्हच्या रबरी टोपीखाली ब्रेक ऑइल दिसलं तर आतलं सील गेलंय, तार बांधण्याचं मूळ कारण बहुधा तेच असेल. असा व्हॉल्व्ह बदलायचाच. रॉडला लांबी बदलणारे आटे असतील तर सोडण्याआधी उघड्या आट्यांची लांबी मिमीत मोजून लिहून ठेवा. अंतिम मांडणी मॅन्युअलमधल्या मापाने. ते माप मागच्या अ‍ॅक्सलवरच्या ठरावीक वजनाला असतं, म्हणून प्रेशर गेज असलेल्या वर्कशॉपमध्ये एकदा तपासून घ्या. या एका जागी अंदाज चालत नाही.

ग्रीसनिपल

चेसिसनंबर यांना पूर्ण अनुमोदन. कामाचा क्रम असा लावा: आधी पाटे आणि यू-बोल्ट, मग बेअरिंग-सीलसकट अ‍ॅक्सल शाफ्ट, मग शू आणि व्हील सिलेंडर, मग प्रोपेलर शाफ्ट, सर्वांत शेवटी ब्लीडिंग. प्रोपेलर शाफ्ट पाट्यांनंतर घेण्याचं कारण एवढंच की गाडीची उंची पूर्ववत झाल्याशिवाय थरथर क्रॉसची की कोनाची ते कळणार नाही. होजचं काम मध्ये कधीही करा, त्याला गाडी उचलावी लागत नाही.

शू नवे असल्यामुळे पहिल्या दिवशी रिकामी गाडी ५० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा आणा, प्रत्येक वेळी मध्ये थोडं चालवून ड्रम थंड होऊ द्या. लगेच भरलेली गाडी उतारावर नेली तर लायनरचा पृष्ठभाग जळून काचेसारखा होतो. दोन-तीनशे किमीनंतर स्टार व्हील पुन्हा एकदा लावा, नवं लायनर बसलं की अंतर वाढतं. ५०० किमीला यू-बोल्टचे नट गाडी जमिनीवर असताना पुन्हा टॉर्क करा, आणि खाली शिरलाच आहात तर ब्रीदरची टोपी बोटाने फिरवून पाहा.